एकट्याचं ताट आणि आपली कीव

दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात पाळ्या चोवीस तास चालतात. म्हणून इथे घरापासून दूर खोली घेऊन राहणारे पुरुष स्वतःच रांधतात आणि एकटेच जेवतात. मीही त्यातलाच. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी मला जमते. तरी नातेवाइकांकडे गेलो की उद्गार ठरलेला : "या अल्लाह, बेचारा हाताने करून खातो!"

ही कीव मला मान्य नाही. एकत्र जेवा किंवा वेगवेगळे, त्यात दोष नाही, असं सूरह नूरच्या 61व्या आयतीत सांगितलं आहे. प्रेषित मुहम्मद (स.) घरकामात हातभार लावत, हे हजरत आयशा (र.) यांनी सांगितल्याची नोंद बुखारीत आहे. मग चुलीपाशी उभ्या पुरुषाला कमीपणा कसला?

कीवच करायची तर आधी आपल्या घरात बघा. सगळ्यांना वाढून झाल्यावर अम्मी, भाभी एकट्याच बसतात, उरलंसुरलं खातात. रमजानमध्ये सहरीसाठी सर्वांत आधी त्याच उठतात. मगरिबची अजान झाली तरी हातात झारा असतो. त्यांना कुणी 'बेचारी' म्हणत नाही. त्याला आपण संस्कार म्हणतो!

माझं एकटं जेवण नोकरीमुळे आहे, घरी गेलो की संपतं. त्यांचं घरातच आहे, आणि ते आपण लादलेलं आहे. ते संपवायला फतवा लागत नाही. पुरुषांनी भाकरी थापायला शिकावं, आणि वाढणारी ताटावर बसल्याशिवाय पहिला घास उचलू नये.