लकवा आणि खाट

आपल्या बैहर भागात लकवा मारला की माणसाला खाटेवर निजवून कबुतराचे रक्त चोळतात, निजल्या निजल्याच पाणी पाजतात. ते पाणी फुफ्फुसात जाते! आधी इस्पितळ गाठा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात. घरी आणल्यावर लुळा हात धरून ओढू नका, खांदा निसटतो. त्याच हाताने तूर निवडू द्या, थोडी थोडी, रोज. पण सारा भार घरच्यांवर नको. भारतातील १४ इस्पितळांत १२५० रोग्यांवर झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत केवळ नातेवाइकांना व्यायाम शिकवून रोगी अधिक स्वावलंबी झाले नाहीत. व्यायाम घेणारा शिकलेला माणूसच खेड्यात यायला हवा. मोतीबिंदूची शिबिरे भरतात, तशी महिन्यातून एका रविवारी मिस्सानंतर याची का भरू नयेत?