दांडा हातात, गिअर तेलाच्या हाती

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गाडी सरळ पल्ल्याच्या शर्यतीत 'डी'मध्ये, म्हणजे पेटीनेच गिअर बदलावेत अशा स्थितीत, सोडून न देता चालकाने प्रत्येक गिअर स्वतःच्या हाताने टाकला, तर ती हमखास लवकर पल्ला गाठते, असे एक मत हल्ली मोठ्या ठामपणे मांडले जाते. त्यामागचा युक्तिवाद थोडक्यात असा : यंत्र भित्रे असते, ते इंजिनाला पुरते ताणू देत नाही आणि घाईने वरचा गिअर टाकून मोकळे होते, माणूस धीट असतो, तो काटा लाल पट्ट्यात जाईपर्यंत थांबतो, सबब माणूस जिंकतो. याला जोडून एक उपसिद्धांतही येतो, तो म्हणजे 'डी'मध्ये गाडी पळवणारा हा चालक नसून प्रवासी होय. हे मत मांडणाऱ्यांचा उत्साह वाखाणण्याजोगा आहे, आणि पेटीच्या आत काय घडते याविषयीची त्यांची बेफिकिरीही तितकीच वाखाणण्याजोगी आहे.

येथे ज्या शर्यतीचा विचार करावयाचा ती ड्रॅग रेस, म्हणजे उभ्या गाडीने निघून पाव मैलाचा, सुमारे ४०२ मीटरचा, सरळ पल्ला कमीत कमी सेकंदांत कापण्याची स्पर्धा. महाराष्ट्रात लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या विमानपट्टीवर अशा शर्यती झालेल्या आहेत. अमरावती जिल्ह्यातल्या चांदूर बाजारला तशी पट्टी नाही, आणि परतवाड्याकडे जाणारा रस्ता म्हणजे पट्टी नव्हे, हे तेथील काही उत्साही मंडळींना अजून पटावयाचे आहे. तथापि सरळ पल्ला आणि सेकंदाचे अपूर्णांक ही कल्पना वऱ्हाडला नवी नाही. त्याच जिल्ह्यात तळेगाव दशासरचा शंकरपट आहे, आणि बैलजोडी घड्याळाविरुद्ध कशी धावते हे त्या प्रदेशातल्या वाचकाला कोणी शिकवावयास नको.

उपर्युक्त मतावरचा मुख्य आक्षेप असा की, ज्याला 'हाताने गिअर टाकणे' म्हटले जाते त्यात हात गिअर टाकतच नाही. क्लचच्या गाडीत दांडा ओढला की त्याच्या दुसऱ्या टोकाचा काटा खरोखरच पेटीतली कडी सरकवतो आणि दाते दात्यांत बसतात. तेथे 'मी टाकला' हे विधान शब्दशः खरे असते. ऑटोमॅटिक पेटीत सूर्य आणि ग्रहांसारखी एकमेकांभोवती फिरणारी दातेरी चक्रे कायम एकमेकांत गुंतलेलीच असतात. कोणते चक्र धरून ठेवायचे आणि कोणते सोडायचे हे पट्टे आणि तेलात बुडालेल्या चकत्यांचे क्लच ठरवतात, आणि त्यांना आवळण्याचे काम तेलाचा दाब करतो. दांडा पहिल्यावरून दुसऱ्यावर सरकवणे म्हणजे तेलाच्या एका वाटेवरचे दार उघडणे, एवढेच. त्यानंतर तेल वाहणार, क्लचची पोकळी भरणार, दट्ट्या सरकणार, चकत्या थोड्या घसरून मग घट्ट धरणार. या सगळ्याला लागणारा वेळ चालकाच्या मनगटातल्या जोराने कमी होत नाही. कचेरीत अर्जावर साहेबांची सही झाली म्हणून सातबाऱ्यावर नाव चढत नाही, ते तलाठ्याने चढवावे लागते. येथे तलाठी तेल आहे, आणि ते स्वतःच्या सवडीने चालते.

मग 'डी'मध्ये हे दार कोण उघडते, हेही पाहिले पाहिजे, कारण यंत्राच्या भित्रेपणाचा सारा आरोप तेथेच आहे. जुन्या, संगणकाविना चालणाऱ्या पेट्यांत, उदाहरणार्थ जनरल मोटर्सच्या टर्बो हायड्रामॅटिक ३५० या तीन गिअरच्या पेटीत, हे काम गव्हर्नर करतो. गव्हर्नर हा शब्द वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला अनोळखी नाही. विहिरीवरच्या ऑइल इंजिनात दोन वजने फिरत असतात, वेग वाढला की ती बाहेर फाकतात आणि डिझेल कमी करतात, भार येऊन इंजिन दबले की आत येतात आणि डिझेल वाढवतात. पेटीतल्या गव्हर्नरची वजनेही अशीच फाकतात, मात्र ती इंधनाऐवजी तेलाचा दाब वाढवतात. हा दाब झडपेच्या एका बाजूने ढकलतो, दुसऱ्या बाजूने स्प्रिंग आणि अ‍ॅक्सिलरेटर किती दाबला आहे त्यानुसार येणारा दाब अडवून धरतो, आणि पहिला दुसऱ्याला भारी पडला की झडप सरकते व गिअर बदलतो. अर्थात यंत्र भित्रेही नाही आणि धीटही नाही. ज्याने वजने आणि स्प्रिंग निवडली त्याने बाजारहाट करणाऱ्या कुटुंबाचा विचार करून ती निवडली, इतकेच. आणि दोष असलाच तर तो निवडीचा आहे, तो वजन बदलून जातो, त्यासाठी मनगट झिजवावे लागत नाही.

लाल पट्ट्याची भक्ती हा याच मताचा दुसरा आधार, तोही आकड्यांपुढे टिकत नाही. वर सांगितलेल्या पेटीत पहिल्या गिअरचे प्रमाण २.५२ आणि दुसऱ्याचे १.५२ आहे, म्हणजे घसर सोडली तर मिनिटाला ५,५०० फेऱ्यांवर गिअर बदलल्यास इंजिन सुमारे ३,३०० वर येते, ६,००० वर बदलल्यास सुमारे ३,६०० वर. रस्त्यावरच्या एकाच वेगाला चाकाला मिळणारा रेटा इंजिनाच्या त्या क्षणीच्या शक्तीच्या प्रमाणात असतो. त्यामुळे खालच्या गिअरमधली उतरत चाललेली शक्ती वरच्या गिअरमध्ये मिळणाऱ्या शक्तीइतकी होते तो क्षण बदलण्याचा. तो बहुधा शक्तीच्या शिखरानंतर थोडा पुढे असतो. पण ज्या इंजिनाची शक्ती ५,००० ला शिखर गाठून झपाट्याने ओसरते त्याला ६,००० पर्यंत ओरडवणे म्हणजे आवाज वाढवणे आणि रेटा घटवणे. शिवाय पहिल्या गिअरमध्ये काटा सेकंदाला २,००० फेऱ्यांनी चढत असेल आणि माणसाच्या हाताला डोळ्याचा हुकूम ऐकायला सेकंदाचा पाचवा भाग लागत असेल, तर ४०० फेऱ्यांची चूक ठरलेली. ती टाळायची तर इच्छित आकड्याच्या ४०० अलीकडेच हात हलवावा लागतो, आणि धीटपणाच्या सिद्धांतात असे अलीकडे हलणे बसत नाही.

या ठिकाणी एक जुना वाद आठवल्याशिवाय राहत नाही. तुतारीशिवाय, म्हणजे टोकाला आर लावलेल्या काठीशिवाय, जोडी पळतच नाही, असे एकेकाळी पटाच्या कडेला तितक्याच ठामपणे सांगितले जात असे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या, २०१७ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती दुरुस्ती कायम ठेवली. या प्रवासात काठी आणि चाबूक नियमाने गेले, निदान कागदावर तरी गेले, आणि जोड्या पळतच राहिल्या. चांगला धुरकरी कासऱ्यावर किती कमी हात ठेवतो यावरून ओळखला जातो, हे जाणत्यांना तेव्हाही ठाऊक होते. पळणाऱ्याला टोचल्याने तो पळतो आणि टोचणाराच त्याला पळवतो, हा भ्रम बैलांपुरता नव्हता, हे आता ऑटोमॅटिकच्या निमित्ताने कळते.

प्रतिपक्षाकडे पुरावाही असतो : 'डी'मध्ये इतके सेकंद, हाताने इतके, फरक स्पष्ट. पण पहिली धाव दुपारची आणि दुसरी पहाटेची असेल तर त्या फरकात हाताचा वाटा किती? ४५ अंशांच्या वऱ्हाडी दुपारी हवेची घनता १५ अंशांच्या पहाटेपेक्षा सुमारे ९ टक्क्यांनी कमी असते, आणि टर्बो नसलेले इंजिन त्याच प्रमाणात कमी श्वास घेते. एकेका धावेवर सिद्धांत उभारणारे लोक एका संत्र्यावरून बागेचा सौदा करत नाहीत, हे त्यांचे भाग्य.

नव्या पेट्यांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. भारतात २०१४ च्या सेलेरिओपासून पसरलेल्या एएमटीत क्लच आणि दांडा यंत्रच हलवते, चालकाने 'अधिक' दाबले तरी मधला हेलकावा तसाच राहतो. २०२० पूर्वीच्या पोलो जीटी टीएसआयसारख्या दुहेरी क्लचच्या गाडीत पुढचा गिअर आधीच गुंतवून ठेवलेला असतो, तेथे घाई करायला जागाच नाही. आणि ज्या शर्यतीत स्वतः आधी सांगितलेल्या वेळेच्या जवळ राहणारा जिंकतो तिच्यात दर वेळी निराळे वागणारा हात हा शत्रूच.

एवढे झाल्यावर हाताला काय उरते? थोडे उरते, पण ते खरे आहे. इंजिनात निराळा कॅमशाफ्ट बसवून शक्तीचे शिखर वर नेले असेल आणि गव्हर्नर अजून जुन्याच वजनांचा असेल, तर पेटी खरोखरच लवकर गिअर बदलते, आणि वजने बदलेपर्यंत दांड्याने तिला अडवणे योग्यच. तसेच वेगवेगळ्या आकड्यांवर हाताने बदलून, एकाच सकाळी, प्रत्येकी चार-पाच धावा करून घड्याळ पाहिले तर त्या गाडीचा खरा आकडा सापडतो, मग तो पेटीला शिकवावा. हाताचा हा उपयोग मोजण्याचा आहे, मिरवण्याचा नव्हे.

आणखी एक जागा अशी आहे जेथे उत्तम पेटीही चुकते. पल्ला संपायला वीस-पंचवीस मीटर उरले असताना बदलण्याचा आकडा आला, तर ती बदलते. गिअर बसेपर्यंत आणि इंजिन पुन्हा सावरेपर्यंत शेवटची रेघ मागे पडलेली असते, आणि त्या बदलाचा खर्च होतो, कमाई होत नाही. अशा वेळी दांडा धरून ठेवून तोच गिअर थोडा ताणणे शहाणपणाचे, कारण गव्हर्नरच्या वजनांना वेग कळतो, पट कुठे संपतो ते कळत नाही.