रोपं विकण्याआधी पाणी बघा

अंधेरी-बोरिवलीत गार्डनिंगचा धंदा सुरू करणारे मला विचारतात, "सर, मार्जिन किती ठेवू?" पाणी कुठे तुंबतं, हे कोणीच विचारत नाही.

अनुराधा माथुर हे नाव ऐकलंय? लँडस्केप आर्किटेक्ट, अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्राध्यापक होत्या. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, मिठीचं पाणी कुर्ल्यात घराघरांत शिरलं. त्यानंतर माथुर आणि दिलीप दा कुन्हा यांनी मुंबईचा अभ्यास करून 2009 मध्ये 'सोक' हे पुस्तक आणि प्रदर्शन आणलं. म्हणणं असं: हे खाडीतलं शहर आहे, पाण्याला नुसत्या भिंती घालू नका, मुरायला जागा द्या. संशोधन, शिकवणं, डिझाइन ही त्यांची तीन वेगळी दुकानं नव्हती.

माझ्या मते हे छोट्या धंद्यालाही जमतं. मुलुंडच्या सोसायटीचं काम हवंय? जोराच्या पावसात दोन-तीनदा छत्री घेऊन कंपाउंडमध्ये फिरा. पेव्हर ब्लॉकवर पाणी किती वेळ राहतं, वहीत लिहा. माळ्यालाही बघायला शिकवा. मगच कोटेशन द्या, आणि त्यात पाहणीचे पैसे वेगळे लावा. फुकट सांगितलंत तर सेक्रेटरीसाहेब सगळं ऐकून घेतील आणि कुंड्या दुसऱ्याकडून स्वस्तात आणतील.