उसनीं नांवें

जवळा बाजार येथील एका सुशिक्षित गृहस्थांनीं आम्हांस रोखठोक विचारलें कीं, समुद्राच्या चिखलांतील किड्यांस कोणत्या नांवानें ओळखावें, या वादांत मराठी वाचकानें कां पडावें? औंढा नागनाथ तालुक्यांतील त्यांच्या गांवापासून समुद्र शेंकडों मैल दूर. तेथें चिंता पावसाची आणि हळदीच्या भावाची. किडा तो किडा. त्याचें नांव विलायती असलें काय नि देशी असलें काय! प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणूनच त्याचें उत्तर देणें आम्हांस अगत्याचें वाटतें. हळकुंडें आणि गड्डे एकाच पोत्यांत भरून कोणी एकाच भावानें विकूं लागला, तर हेच गृहस्थ तें पोतें परत धाडतील. बाजारांत ‘सब घोडे बारा टक्के’ चालत नाहीं. किनाऱ्यावरील जीवांच्या बाबतींत मात्र हाच कारभार आम्ही पिढ्यान्‌पिढ्या विद्या या नांवाखालीं चालविला आहे.

कॅपिटेला कॅपिटाटा या कृमीचेंच उदाहरण घ्या. ऑटो फॅब्रिशियस या पंडितानें १७८० सालीं ग्रीनलंडच्या किनाऱ्यावरील या बारीक किड्याचें वर्णन केलें, आणि दिसण्यांत गांडुळासारखा म्हणून त्यास गांडुळाच्याच वंशांत घातलें. पुढें वंश बदलला, पण नांव जगभर पसरलें. जेथें सांडपाण्यानें कुजलेला काळा चिखल, तेथें हा किडा फार. म्हणून तो जेथें माजला तो किनारा दूषित, असा ठोकताळा रूढ झाला, आणि आमच्या खाड्यांवरील निबंधांतहि हें नांव वरचेवर येऊं लागलें. ग्रीनलंडचा जीव आमच्या उष्ण चिखलांत कसा सुखानें नांदतो, ही शंका फार थोड्यांस आली.

१९६९ सालीं अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ एक तेलवाहू नौका रुतून तेल सांडलें, आणि त्यानंतर तेथें हे किडे बेसुमार वाढले. ग्रासल दांपत्यानें त्यांच्या शरीरांतील एन्झाइमें विद्युत्प्रवाहानें वेगळालीं करून तपासलीं, आणि १९७६ मध्यें जाहीर केलें कीं हा किडा एक नव्हे. त्याच्या सहा जाती आहेत. बाह्य रूप जवळजवळ एक. परंतु अंड्यांचा आकार निराळा, विणीचा हंगाम निराळा, पिलांचा पाण्यांत तरंगण्याचा काळ निराळा. त्यांतील एकीस स्वतंत्र नांव मिळावयास २००९ साल उजाडावें लागलें.

आतां त्या ठोकत्याळ्याचें काय करावयाचें? ज्या जातीचीं पिलें पाण्याबरोबर दूर जातात ती उजाड झालेल्या किनाऱ्यावर लौकर पोंचेल. जिचीं पिलें आईच्या आसपासच रुजतात ती पोंचणार नाहीं. यंदा एक जात मोजली, दहा वर्षांनीं दुसरी मोजली, आणि दोहोंस एकच नांव देऊन खाडी सुधारली कीं बिघडली याचा निवाडा दिला, तर तो निवाडा कोणत्या किंमतीचा? अशा निवाड्यावर कारखान्यांस परवाने मिळतात आणि कोळ्यांचीं जाळीं रिकामीं कां याचें उत्तर ठरतें. ही नुसती पंडितांची करमणूक नव्हे.

डोळे फसतात याचें कारणहि समजण्यासारखें आहे. चिखलांत रूपास किंमत नाहीं. तेथें जोडीदार ओळखावयाचा तो रासायनिक खुणांनीं. म्हणून वंश वेगळे झाले तरी अंगावरील केस आणि कंगोरे तसेच राहतात. आज पेशींतील एका ठराविक जनुकाचीं सुमारें साडेसहाशें अक्षरें वाचून हा भेद पुष्कळ वेळां उघडा पाडतां येतो. २००३ पासून ही रीत जगभर चालू आहे.

पूर्वसूरींस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. फ्रान्सचे पिअर फोव्हेल यांनीं १९५३ सालीं भारताच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेंत या कृमींचा जो ग्रंथ दिला, तो अफाट श्रमाचा आहे. त्यांतील कितीएक नांवें मूळ युरोपच्या किनाऱ्यांवरचीं आहेत. कारण समुद्रास कुंपण नाहीं, सबब त्यांतील जीवहि सर्वत्र एकच, अशी त्या काळची समजूत होती. पण त्याहीपूर्वी, १९२१ मध्यें, सदर्न यांनीं चिल्का सरोवराचे कृमी तपासले तेव्हां मार्फिसा ग्रेव्हेलायीसारख्या नव्या जाती त्यांस सांपडल्याच होत्या. ज्यानें पाहिलें त्यास दिसलें. २०२० मध्यें मार्फिसा मद्रासी ही आणखी एक जात आमच्या पूर्व किनाऱ्यावरून नोंदली गेली. आमचा राग फोव्हेलवर नाहीं. त्याचें पुस्तक उघडून आकृतीशीं किडा जुळविला कीं काम संपलें असें मानणाऱ्या त्याच्या आळशी वारसांवर आहे. त्यांत भर म्हणजे नमुने फॉर्मलिनमध्यें बुडविण्याची खोड. त्यानें आकार टिकतो, पण आनुवंशिक द्रव्य बिघडतें. शुद्ध मद्यार्कांत एक तुकडा वेगळा ठेवण्याचा खर्च तो कितीसा? महाविद्यालयांच्या कपाटांतील ‘नेरीस’ अशी चिठ्ठी लावलेल्या बाटल्या पाहाव्यात: कोणत्या किनाऱ्यावरून, कोणत्या सालीं, याचा पुष्कळदां पत्ताच नसतो.

कोणी म्हणेल, जहाजांबरोबर कांहीं किडे खरोखरच जगभर फिरले आहेत. मान्य! गलबतांच्या तळास चिकटून आणि जहाजांत भरलेल्या पाण्यांतून असे प्रवास घडतात. म्हणूनच तर आमचा आग्रह आहे. घरच्या माणसासहि पाहुण्याचें नांव दिलें, तर घरांत शिरलेला खरा पाहुणा, प्रसंगीं चोर, ओळखावा कसा?

राहतां राहिले जवळा बाजारचे गृहस्थ. त्यांच्या जिल्ह्यांतलें पाणी शेवटीं गोदावरीसच मिळतें, आणि शेतांतील माती नि औषधें घेऊन बंगालच्या उपसागराच्या चिखलांत उतरतें. तेव्हां समुद्र त्यांस वाटतो तितका दूर नाहीं. शिवाय हाच घोळ त्यांच्या खताच्या खड्ड्यांतहि आहे. गांडूळखतासाठीं आयसेनिया फेटिडा या नांवानें जें परदेशी गांडूळ विकलें जातें, त्याशीं आयसेनिया आंद्रेई ही जात दीर्घ काळ एकच समजली जात असे; आज त्या दोन वेगळ्या मानतात. लिनियसनें १७५८ मध्यें नांव दिलेलें युरोपचें अतिपरिचित गांडूळहि २०१० सालीं दोन जातींचें निघालें. काळ्या रानांत पहिल्या पावसाबरोबर वर येणारीं आमचीं स्वतःचीं गांडुळें अशा रीतीनें कोणी तपासलीं आहेत काय, हा प्रश्न त्या गृहस्थांनीं आपल्या तालुक्यांतील प्राणिशास्त्राच्या अध्यापकांस विचारावा, आणि जें उत्तर मिळेल तें आम्हांस कळवावें. आम्ही तें येथें छापूं.