उतारा काय म्हणतो?

गेले काही महिने दर रविवारी आमच्या वस्तीतल्या वाचनालयात बारावीची आठ-दहा मुले-मुली जमतात. बहुतेक उर्दू किंवा मराठी माध्यमातून शिकलेली. केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी 2022 पासून सीयूईटी ही परीक्षा होते. तिच्या भाषेच्या पेपरात उताऱ्यांचे आकलन तपासतात आणि मुले नेमकी तिथेच गुण घालवतात. दोष इंग्रजीचा, असे मलाही वाटत होते.

एका रविवारी मी मुद्दाम सोपा मराठी उतारा दिला. केवळ कायद्याने बालविवाह थांबणार नाहीत, मुलींची शाळा टिकली पाहिजे, असे त्यात म्हटले होते. लेखकाचा मुख्य मुद्दा कोणता, या प्रश्नाला एका हुशार मुलीने उत्तर निवडले, ‘कायदा निरुपयोगी आहे’. का, असे विचारल्यावर ती म्हणाली, “सर, खरं तर तेच आहे ना! माझ्या मावशीचं लग्न सोळाव्या वर्षीच झालं.”

तिचा अनुभव खोटा नव्हता. पण प्रश्न तिच्या अनुभवाविषयी नव्हता. ‘केवळ’ हा एक शब्द तिच्या नजरेतून सुटला आणि उत्तर चुकले.

तेव्हापासून आम्ही तीन नियम पाळतो. प्रत्येक परिच्छेद वाचून झाला की त्याचे सार एका ओळीत, आपल्या शब्दांत सांगायचे. उत्तर निवडले की उताऱ्यातल्या ज्या वाक्यावरून ते आले त्यावर बोट ठेवायचे. बोट ठेवता आले नाही तर उत्तर आपल्या मनातून आले आहे असे समजायचे. आणि ‘सर्व’, ‘नेहमी’, ‘कधीच नाही’ असे टोकाचे शब्द असलेला पर्याय दोनदा तपासायचा.

बरोबर उत्तराला 5 गुण मिळतात, चुकीला 1 वजा होतो. या वजा गुणाच्या धास्तीने मुले प्रश्न सोडून देतात. चारांपैकी दोन पर्याय खात्रीने बाद झाले असतील, तर उरलेल्या दोनांतून एक निवडणे हिताचेच आहे.

आणखी एक. हा पेपर मराठी आणि उर्दूसह 13 भाषांत देता येतो. तरीही कमीपणा वाटू नये म्हणून मुले इंग्रजीच निवडतात. हव्या त्या अभ्यासक्रमाची भाषेची अट आधी पाहावी. अट नसेल तर ज्या भाषेत आपण सहज वाचतो ती घ्यावी. घरात दखनी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी बोलणाऱ्या मुलांनी ही ताकद का लपवावी?

पण मला गुणांपलीकडचीही काळजी आहे. लिहिणारा काय म्हणतो आणि मला काय वाटते, यातला फरक आपण मोठी माणसे तरी कुठे पाळतो? मथळा वाचून आपण चिडतो, अर्धा मजकूर वाचून पुढे पाठवतो. न वाचलेल्या पुस्तकावर, न पाहिलेल्या कायद्यावर तावातावाने बोलतो. समोरच्याचे म्हणणे आधी नीट समजून घेणे आणि मगच ते नाकारणे, ही सवय प्रवेशपरीक्षेपुरती नाही. लोकशाहीत रोजच लागते.

क्लासची फी प्रत्येक घराला परवडत नाही. पण एक टेबल, दोन भाषांतली दोन वर्तमानपत्रे आणि ‘हे कुठे लिहिले आहे, दाखव’ असे विचारणारा एक माणूस, एवढे प्रत्येक मोहल्ल्याला जमण्यासारखे आहे. येत्या रविवारी आपण तो माणूस व्हाल का?