शेतवस्तीची राखण आणि उजेडाची जागा

गावठाणापासून दूर, आपापल्या रानात घर करून राहणाऱ्या कुटुंबांच्या वस्त्या पुणे, अहिल्यानगर, नाशिक, सातारा, सांगली या जिल्ह्यांत बागायत वाढली तशा वाढत गेल्या, आणि शेजारचे घर हाकेच्या अंतरावर असेलच असे नसल्यामुळे रात्रीच्या उजेडाचा प्रश्न तेथे सोयीपेक्षा सुरक्षिततेचा अधिक ठरतो. त्यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे घराच्या कोपऱ्यावर किंवा खांबावर पन्नास-शंभर वॉटचा पांढराशुभ्र फोकस चढवून तो तिन्हीसांजेपासून उजाडेपर्यंत चालू ठेवणे होय. त्याने घरच्यांना धीर येतो हे खरे असले, तरी वस्ती नेमकी कशापासून सुरक्षित झाली, याचा विचार दिवा विकत घेण्याआधी व्हायला हवा. कारण राखण करतात ती घरातली माणसे आणि दारातले कुत्रे, आणि त्यांना वेळेवर दिसावे एवढ्यासाठीच दिवा लागतो.

उजेडाने चोरी टळते ही समजूत सरसकट खरी मानता येत नाही. इंग्लंड आणि वेल्समधील ६२ स्थानिक प्रशासनांच्या हद्दीत रस्त्यांवरचे दिवे रात्री बंद किंवा मंद केल्याचे परिणाम तपासणारा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात त्यामुळे अपघात वा गुन्हे वाढल्याचा पुरावा आढळला नाही. दुसरीकडे, दिवाबत्ती सुधारल्यावर गुन्हे घटल्याचे दाखवणारे अभ्यासही आहेत. या दोहोंचा मेळ घालायचा तर उजेडाबरोबर पाहणारा डोळा आहे की नाही, हे आधी विचारावे लागते. ज्या विहिरीजवळ कोणीच राहत नाही तेथे रात्रभर जळणारा दिवा मोटारीची केबल सोडवणाऱ्यालाही तितकाच उपयोगी पडतो, आणि म्हणून अशा जागी दिव्यापेक्षा कुलूपबंद लोखंडी पेटी आणि जमिनीत पुरलेली केबल यांवर केलेला खर्च अधिक कामी येतो.

घराजवळच्या उजेडाचा मोठा दोष म्हणजे दिपवणे. मानवी डोळ्याला अंधाराचा पूर्ण सराव होण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि प्रखर दिवा नजरेसमोर आला की तो सराव क्षणात मोडतो. त्यामुळे भिंतीवरून बाहेरच्या दिशेने रोखलेल्या फोकसखाली अंगण लख्ख उजळते, पण त्या उजेडाच्या कडेला, कडब्याच्या गंजीआड किंवा उसाच्या सरीत कोण उभे आहे ते ओट्यावरच्या माणसाला दिसेनासे होते. दिवा निवडताना वॉट पाहण्याची सवय येथे दिशाभूल करते, कारण वॉट हे विजेच्या खर्चाचे माप आहे आणि उजेडाचे माप ल्यूमेन हे आहे. चांगला एलईडी दिवा एका वॉटमागे साधारण शंभर ल्यूमेन देतो, म्हणजे दहा वॉटच्या दिव्यापासून जुन्या साठ वॉटच्या बल्बपेक्षा थोडा अधिकच उजेड मिळतो. शिवाय दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की जमिनीवरचा उजेड चौथाईवर येतो. तेव्हा लांबवर टाकलेल्या एका मोठ्या फोकसऐवजी फाटक, गोठा, चूल-न्हाणीची बाजू आणि घरामागची वाट अशा ठिकाणी आठ-दहा फुटांवर बसवलेले, वरून टोपी असलेले आणि सरळ खाली पाहणारे पाच ते दहा वॉटचे तीन-चार दिवे केव्हाही श्रेयस्कर होत. दिवा नीट बसला की नाही हे ओळखण्याची खूण सोपी आहे: अंगणाच्या कडेला उभे राहून घराकडे पाहिले असता जमीन दिसली पाहिजे, आतला बल्ब डोळ्यांत शिरता कामा नये.

वस्तीवरच्या धोक्यांचा क्रम लावायचा तर चोराच्या बऱ्याच आधी सर्पदंशाचा विचार करावा लागतो. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडलेला आहे. त्यांतील बहुसंख्य मृत्यू ग्रामीण भागातले आणि निम्म्याच्या आसपास पावसाळ्यातले होते. मण्यार आणि घोणस हे दोन्ही विषारी साप मुख्यतः रात्री फिरतात, आणि माणूस ज्या वेळी शौचालयाकडे किंवा गोठ्याकडे जातो नेमक्या त्याच वेळी ते वाटेवर असू शकतात. त्यामुळे घरातील सर्वात उपयुक्त दिवा कोणता, या प्रश्नाचे उत्तर उंच खांबावर नसून दार ते गोठा आणि दार ते शौचालय या वाटांवर आहे, आणि तेथे पाऊल पडते ती जमीन दिसण्याइतका मंद उजेड पुरतो. त्या वाटेच्या कडेचे सरपण आणि विटांचा ढीग हलवला नाही, तर दिवा असूनही धोका उरतोच.

याच कारणाने दिव्याच्या रंगालाही महत्त्व आहे. दिव्याच्या डब्यावर केल्व्हिन या मापात लिहिलेला आकडा उजेडाची छटा सांगतो: ६५०० म्हणजे निळसर पांढरा, २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर. निळसर उजेडाकडे कीटक अधिक ओढले जातात. उसातल्या हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पहिल्या पावसानंतर बाहेर पडतात तेव्हा त्यांना पकडण्यासाठी शेतकरी प्रकाश सापळा लावतात. दारावरचा पांढरा फोकस हा तसाच सापळा असतो, फक्त त्याखाली कीटक मारण्याचे पाणी नसते. कीटकांमागे पाली आणि बेडूक येतात आणि त्यांच्यामागे साप येण्याची वाट मोकळी होते. पिवळसर दिव्याने हे पूर्ण थांबत नाही, पण कमी होते, आणि तेवढ्यासाठी तो दुकानदाराकडे हट्टाने मागावा.

उजेडाचा परिणाम पिकावरही होतो. सोयाबीन हे आखूड दिवसाचे पीक आहे, म्हणजे रात्र पुरेशी लांब होऊ लागली की ते फुलोऱ्यावर येते. बांधावरच्या खांबाचा दिवा रात्रभर त्यावर पडत राहिला, तर सारे शेत पिवळे होऊन पानगळ झाली तरी खांबाभोवतीचा गोल पट्टा हिरवागार राहतो आणि काढणीच्या वेळी तेथील शेंगा कच्च्याच असतात. आकाशाकडे उधळल्या जाणाऱ्या उजेडाची दखलही आता महाराष्ट्रात घेतली जाऊ लागली आहे: पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, आणि त्यासाठी परिसरातील गावांमध्ये खाली तोंड असलेले दिवे बसवण्यात आले.

जुन्नर, आंबेगाव, शिरूर, अकोले, संगमनेर या पट्ट्यात दिव्यांचा खप वाढवणारे मोठे कारण बिबट्या हे आहे. विद्या अत्रेय यांनी अकोले परिसरात केलेल्या संशोधनातून हे स्पष्ट झाले, की बिबटे तेथे जंगलातून वाट चुकून आलेले नसून शेतांच्या प्रदेशातच राहतात आणि त्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा मोठा असतो. अशा प्राण्याला एकाच जागी सतत जळणाऱ्या दिव्याची सवय होते. केनियात नैरोबी राष्ट्रीय उद्यानालगत राहणाऱ्या रिचर्ड तुरेरे या मसाई मुलाने गोठ्याभोवती आळीपाळीने लुकलुकणारे दिवे लावून सिंहांना माणूस फिरत असल्याचा भास निर्माण केला, कारण स्थिर उपायांना सिंह लवकरच सरावतात हे त्याने पाहिले होते. लुकलुकणाऱ्या दिव्यांचा उपयोग आपल्याकडेही करून पाहण्यासारखा आहे. मात्र शेळ्या-वासरांचे खरे संरक्षण चारही बाजूंनी आणि वरूनही जाळीने बंद केलेल्या गोठ्यातच असते, आणि त्याचा खर्च टाळून दिव्यावर विसंबणे योग्य नव्हे.

हालचाल टिपून पेटणारा दिवा या सर्व गरजांना बऱ्याच अंशी पुरा पडतो. त्यातील पीआयआर सेन्सर, म्हणजे शरीरातून निघणाऱ्या उष्णतेतील बदल ओळखणारा भाग, आडवे जाणाऱ्याला चटकन टिपतो आणि समोरून सरळ चालत येणाऱ्याला उशिरा. म्हणून तो वाटेच्या तोंडाशी न रोखता वाटेला आडवा बसवावा. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्याच्या रात्री हवा शरीराइतकीच तापलेली असली, की त्याची पकड कमी होते, हेही ध्यानात ठेवावे. अंधार असताना अचानक पेटलेला दिवा घरातल्यांचे लक्ष वेधून घेतो, आणि हा गुण रात्रभर जळणाऱ्या दिव्यात नसतो.

विजेच्या बाबतीत वस्तीची अडचण निराळी आहे. शेतीच्या फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून मुख्यतः पंपांसाठी निघणाऱ्या वाहिनीवर, थ्री फेज वीज ठरावीक तासच आणि अनेकदा रात्रपाळीने मिळत आली आहे. दिवसा वीज देण्यासाठी २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, परंतु जेथे रात्रपाळी उरली आहे तेथे दारे धरायला जाणाऱ्याला हातातल्या बॅटरीवाचून पर्याय नाही. घराभोवती किमान वाटेचा एक दिवा सौर असावा, त्याचे पॅनेल दिव्यापासून वेगळे असावे, म्हणजे दिवा वळचणीखाली आणि पॅनेल उन्हात दक्षिणेकडे कलते ठेवता येते; बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची घेतल्यास ती शिसे-आम्लाच्या बॅटरीपेक्षा पुष्कळ अधिक टिकते.

खरी हयगय होते ती जोडणीत. बाभळीच्या फांदीवरून ओढलेली साधी वायर, चिकटपट्टी गुंडाळलेला जोड आणि अर्थिंग नसलेला लोखंडी पाइप यांनी पहिल्याच पावसात जीव जाऊ शकतो. केबल चिलखती असावी आणि अडीच फूट खोल पुरावी. दिवा आयपी ६५ दर्जाचा, म्हणजे धूळ आत न शिरणारा आणि पाण्याच्या फवाऱ्याला दाद न देणारा असावा. आणि वायर दिव्यात शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, जेणेकरून वायरीवरून ओघळणारे पाणी त्या झोळाच्या तळाशी थेंबाथेंबाने गळून पडेल, आत जाणार नाही. घराच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्यावा. तो आणि अर्थिंग यांचा खर्च झाल्याखेरीज बाहेरच्या एकाही दिव्यावर पैसा घालू नये. ज्यांच्या घरी तो आधीच आहे त्यांनी मृग निघण्यापूर्वी त्यावरील चाचणीचे बटण दाबून पाहावे, आणि स्विच पडला नाही तर त्याच दिवशी वायरमनला बोलवावे.