‘एव्हरीवन’ म्हणजे ‘सगळे’ नव्हे

परवा एका विद्यार्थ्याची अम्मी वही घेऊन आली. ‘एव्हरीवन हॅव कम’ या वाक्यावर लाल फुली होती. तिनं विचारलं, “सर, घरी उर्दू-मराठी बोलणं बंद करू का? त्यामुळंच इंग्रजी बिघडतं म्हणतात.”

हा प्रश्न बांद्यात मला नवा नाही. गोव्याची हद्द जवळ. नोकरीसाठी तिकडं जायचं तर इंग्रजी हवंच. 2000 सालापासून राज्यात सर्व माध्यमांना पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी भीती गेलेली नाही. आणि दोष घरच्या भाषेवर येतो.

मला हे पटत नाही. चूक शब्दार्थाच्या यादीत आहे. ‘एव्हरीवन’ म्हणजे ‘सगळे’, असं आपणच पाठ करून घेतो. मीही वर्षानुवर्षं फळ्यावर तेच लिहिलं. मराठीत ‘सगळे आले’, उर्दूत ‘सब आ गए’. दोन्हीकडं अनेकवचन. मग मुलानं ‘हॅव’ लिहिलं, तर त्यानं डोकंच चालवलं! अर्थ ‘प्रत्येकजण’ सांगा. ‘प्रत्येकजण आला’, ‘हर कोई जानता है’. एकवचन आपोआप येतं, ‘हॅज’ही येतं.

‘हाफ’चंही तसंच. ‘अर्धी साखर सांडली’, ‘अर्धे आंबे नासले’ हे मूल न शिकवता बरोबर बोलतं. इंग्रजीही साखरेला ‘इज’ आणि आंब्यांना ‘आर’ लावते. ‘अ नंबर ऑफ बॉईज आर’ म्हणजे ‘बरीच मुलं आहेत’. ‘द नंबर ऑफ बॉईज इज’ म्हणजे ‘मुलांची संख्या आहे’. अर्थ नीट सांगितला की वेगळा नियम घोकावा लागत नाही.

सगळीकडं हे जुळत नाही, हेही खरं. आपण ‘पाचशे रुपये खूप झाले’ म्हणतो, उर्दूत ‘पाँच सौ रुपये काफ़ी हैं’. इंग्रजी मात्र ती एकच रक्कम मानून ‘इज’ लावते. हा फरक मुलांना सांगायचा, तर आधी घरचं वाक्य समोर ठेवावं लागतं.

म्हणून त्या माउलीला सांगितलं, घरचं बोलणं अजिबात बंद करू नका. आणि मुलाच्या वहीत ‘सगळे’ खोडून ‘प्रत्येकजण’ लिहिलं. शिक्षक मित्रांनो, आपल्या शब्दार्थांच्या याद्याही एकदा तपासून बघा.